हरियाल : त्यागिलेल्या फळांवर जगणारा पक्षी

माघ महिन्यात चिमूर येथे श्रीहरी बालाजी महाराजांची घोडा यात्रा भरते. गावोगावाहून भाविक येतात, रस्त्याच्या दुतर्फा दुकाने मांडली जातात आणि रात्री उशिरापर्यंत बाजार जागा असतो. याच दिवसांत पहाटेचा गारवा ओसरण्यापूर्वी गावाबाहेरच्या रस्त्याने चालत जाणाऱ्याने एकदा मान वर करून एखाद्या पानगळ झालेल्या झाडाच्या शेंड्याकडे पाहावे. तेथे दहा-वीस पक्षी छाती पुढे करून उन्हाची वाट पाहत निश्चल बसलेले आढळण्याचा पुष्कळ संभव असतो. उजाडण्यापूर्वी ते नुसते करडे गोळे वाटतात. पहिली तिरीप अंगावर पडताच छातीवरचा हळदी पिवळा रंग उजळतो, पाठीची हिरवट झाक दिसू लागते, मस्तकाचा राखी रंग वेगळा कळतो आणि खांद्यावरचा फिकट जांभळा ठिपकाही ओळखू येतो. हा हरियाल होय. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हाच.

राज्यपक्षी म्हटल्यावर पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण शेकरू हा राज्यप्राणी आणि ताम्हण हे राज्यपुष्प ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात, परंतु हरियाल प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य क्वचितच भेटतो. तो दुर्मिळ आहे म्हणून असे होत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत तर तो वस्तीच्या कडेलाही असतो. तो दिसत नाही, कारण मनुष्य खाली पाहून चालतो आणि हरियाल खाली येत नाही.

मराठीत त्याला पिवळ्या पायांची हरोळी असेही म्हणतात आणि हे नाव अचूक आहे, कारण भारतातील इतर हिरव्या कबुतरांचे पाय तांबडे असतात, याचे मात्र हळदीत बुडवल्यासारखे पिवळे. आकाराने तो आपल्या नेहमीच्या पारव्याएवढा, सुमारे ३३ सेंटिमीटर लांब. जातीनेही तो कबूतरच आहे. परंतु पारवा आणि हरियाल यांच्या संसारात जे अंतर आहे ते दुकानदार आणि वनवासी यांच्या राहणीतील अंतराहून कमी नाही. पारवा धान्यावर जगतो, जमिनीवर चालतो, माणसाच्या आश्रयाने वाढतो. हरियालाचा सगळा जन्म झाडाच्या माथ्यावर जातो. दाणा टाकला म्हणून तो अंगणात उतरत नाही. त्याचे अन्न फळ, आणि फळांतही मुख्यत्वे वड, पिंपळ, उंबर या वर्गातील वृक्षांचे.

त्याच्या या वृक्षवासाविषयी लोकांत एक गोड समजूत प्रचलित आहे. हरियालाने पृथ्वीला पाय न लावण्याचे व्रत घेतले आहे, म्हणून पाणी पिण्यास उतरावे लागलेच तर तो पायांत काडी धरून येतो आणि त्या काडीवर उभा राहून पाणी पितो, असे सांगतात. अशी काडी पक्षिशास्त्रज्ञांच्या नोंदीत नाही. तथापि समजुतीच्या मुळाशी खरे निरीक्षण आहे. रसाळ फळांतून त्याची पाण्याची गरज बरीचशी भागते, त्यामुळे तो जमिनीवर क्वचितच उतरतो. उतरला तरी कबुतरांच्या रीतीप्रमाणे चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता, एकाच ओढीने पाणी शोषून घेतो आणि लगेच उडून जातो. बहुतेक पक्ष्यांना घोट घेऊन मान उंचवावी लागते, कबुतरांना लागत नाही. जिवाचे भय असलेल्या जागी थोडक्यात काम उरकण्यास हा गुण फार उपयोगी पडतो.

फळांनी लगडलेल्या वडावर हरियालांचा थवा उतरला की पाहण्यासारखे दृश्य असते, मात्र पाहण्यास धीर हवा. थवा पानांत शिरताक्षणी अदृश्य होतो. हिरवा-पिवळा रंग, पानांवरचा कवडसा आणि पक्ष्याची निश्चलता यांचा असा मेळ जमतो की अगदी बुंध्याशी उभे राहूनही एकही पक्षी दिसत नाही. मग एखादी डहाळी हलते. पोपटाप्रमाणे फांदीला पायांनी धरून, कधी चक्क उलटा लोंबकळून, एक हरियाल डहाळीच्या टोकाशी असलेले फळ गाठतो आणि अख्खे गिळतो. भांडण होते, पंखांचे फटके बसतात, चार फळे खाली पडतात. कोणी टाळी वाजवली तर झाड जणू फुटते आणि जेथे पाच पक्षी मोजले होते तेथून पन्नास उडतात. त्यांचा आवाजही पारव्याच्या घुमण्यासारखा नसतो. ती मंद, चढ-उतार घेणारी शीळ असते. ऐकणाऱ्यास हा कबुतराचा कंठ आहे हे सांगावे लागते.

आता ज्या फळांवर हा पक्षी जगतो त्यांची नावे पाहावीत : वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर म्हणजे काळा उंबर. जैन घरात वाढलेल्या वाचकाच्या ध्यानात एव्हाना आलेच असेल. ही पंच उदुंबर फळे होत. आचार्य अमृतचंद्रांच्या 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात श्रावकाने मद्य, मांस, मधु यांच्यासह ज्या पाच फळांचा त्याग करावा असे सांगितले आहे, ती हीच. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांच्या 'योगशास्त्रा'तही त्यांचा निषेध आहे, आणि श्वेतांबर परंपरेतील बावीस अभक्ष्यांच्या गणनेत ती आरंभीच येतात. कारण दोन्हीकडे एकच दिले जाते. या फळांत त्रस जीव असतात.

हे कारण किती तंतोतंत आहे हे समजण्यास उंबराचे फळ उघडून पाहण्याची गरज नाही, त्याची घडण समजून घेतली तरी पुरे. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो ती खरोखर आतल्या बाजूस मिटलेली एक कुपी असते. शेकडो बारीक फुले तिच्या आतील भिंतीवर उमलतात, म्हणून तर उंबराचे फूल कोणाला दिसत नाही. या फुलांचे परागण वारा करू शकत नाही, मधमाशीही करू शकत नाही. ते काम चिलटाहून बारीक अशी एक गांधीलमाशीच्या वर्गातील कीटकजात करते, आणि साधारणपणे प्रत्येक उदुंबर वृक्षाची अशी स्वतःची ठरलेली जात असते. वडाची पिंपळाला चालत नाही. मादी फळाच्या टोकाशी असलेल्या अरुंद छिद्रातून आत शिरते. वाट इतकी निमुळती की तिचे पंख बहुधा तेथेच तुटून पडतात. बरोबर आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढे त्या अंड्यांतून आधी नर बाहेर येतात. नरांना पंख नसतात. मीलन झाल्यावर ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि बाहेरचे जग न पाहताच बहुधा फळातच संपतात. त्यांनी पाडलेल्या वाटेने पराग घेतलेल्या माद्या बाहेर पडतात आणि दुसरे कच्चे फळ शोधू लागतात. म्हणजे पिकलेले उंबर हे एका सबंध पिढीचे सूतिकागृहही असते आणि श्मशानही. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात ही गोष्ट नियमरूपाने सांगितली गेली, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

हरियालाला अर्थात व्रत नाही. तो फळ गिळतो तेव्हा आतले सारेच गिळतो. परंतु श्रावकाने ताटातून वगळलेले फळ वनात वाया जात नाही, इतके यावरून दिसते, आणि त्या फळाशी जोडलेला व्यवहार केवढा मोठा आहे हे पाहिले म्हणजे वड-पिंपळाकडे पाहण्याची दृष्टी पालटते.

या व्यवहाराची मेख अशी. कीटकाचे आयुष्य अगदी थोडे असते. बाहेर पडलेल्या मादीला लगेच कोठेतरी योग्य अवस्थेतील कच्चे फळ मिळाले नाही तर तिची जात बुडाली. म्हणून परिसरातील सगळे वड एकदम फळत नाहीत. एकाच रस्त्यावरच्या दोन वडांपैकी एक आज लालभडक होतो, दुसरा महिन्या-दोन महिन्यांनी. कीटकासाठी झालेल्या या सोयीचा लाभ सर्व फळभक्षी जीवांना मिळतो. बोरे थंडीत संपतात, जांभूळ पावसाच्या तोंडावर येते, परंतु वर्षातला असा महिना विरळाच की ज्यात परिसरातील कोणता ना कोणता वड, पिंपळ वा उंबर पिकलेला नसेल. चंद्रपूरचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. सागाची पाने गळून वन उघडे पडते, पाणवठे आटतात, तेव्हा ही झाडे म्हणजे दुष्काळातील धान्यकोठार ठरतात. मात्र कोठारांची साखळी तुटता कामा नये. दहा मैलांच्या टापूत वीस झाडे असली तर क्रम साधतो. चारच उरली तर मध्ये उपवासाचे महिने येतात. थव्याला दूर जावे लागते आणि परागण करणाऱ्या कीटकालाही पुढचे झाड लांब पडते.

फळलेल्या वडावर हरियाल एकटा नसतो. तांबट, हळद्या, कोकीळ, बुलबुल, साळुंकी, पोपट आणि राखी धनेश यांची ये-जा चालू असते. वर वानरे, खाली पडलेल्या फळांवर चितळ, रात्री फळवटवाघळे. येथे एका लोकप्रिय समजाची दुरुस्ती करणे इष्ट आहे. फळे खाणारा प्रत्येक पक्षी बी पेरतो असे सरसकट लिहिले जाते. हिरव्या कबुतरांच्या पोटातील पेषणी, म्हणजे दाणा भरडणारा स्नायूंचा कोठा, फार बळकट असते आणि उंबराची कणभर बी तिच्यात बहुतांशी भरडली जाते. बी अखंड पोहोचवण्याचे काम धनेश, तांबट, बुलबुल आणि वटवाघळे अधिक चांगले करतात. हरियाल उत्तम माळी नाही, तो उत्तम गिऱ्हाईक आहे. व्यापारी वाचकांना हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आफ्रिकेच्या अरण्यांत याच धंद्याचा एक वेगळा पक्षी आहे, त्याचे नाव तुराको. त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी दिलेल्या नावाचा अर्थ केळी खाणारे असा होतो, पण केळी तो क्वचितच खातो. रानफळे, आणि त्यांत उंबरवर्गीय फळे, हाच त्याचा मुख्य आहार. हरियालाप्रमाणे तोही फांद्यांतूनच वावरतो, मात्र लोंबकळण्याऐवजी खारीसारखा फांदीवरून पळतो. त्याच्या रंगाची गोष्ट विलक्षण आहे. बहुतेक पक्ष्यांचा हिरवा रंग हा पिसांतील पिवळे द्रव्य आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून परतणारा निळसर प्रकाश यांच्या मिश्रणाने भासतो. तुराकोच्या पिसांत मात्र खरे हिरवे रंगद्रव्य असते आणि पंखांत खरे तांबडे. दोहोंत तांबे हा धातू असतो. आर्थर चर्च या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८६९ साली तांबडे द्रव्य वेगळे काढले, तेव्हा पक्ष्याच्या पिसात तांबे निघाले यावर लोकांचा विश्वास बसेना. एस्वातिनी, म्हणजे पूर्वीचे स्वाझीलँड, या देशात तुराकोची तांबडी पिसे राजघराण्याच्या शिरोभूषणात मिरवतात आणि तेथील राष्ट्रीय पक्षी तोच आहे. सौंदर्याची किंमत पक्ष्यालाच मोजावी लागते, ती येथेही आणि तेथेही. आपल्याकडे पिसांसाठी नव्हे तर मांसासाठी. इंग्रजी अमदानीत हिरवे कबूतर हे शिकाऱ्यांचे आवडते लक्ष्य होते. थवा रोज त्याच झाडावर त्याच वेळी येतो, ही सवय बंदुकीला सोयीची पडली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीस बंदी आहे. तरीही बेचकीचा खडा कायदा वाचून सुटत नाही.

हरियालाच्या गृहस्थाश्रमाविषयी थोडे सांगितले पाहिजे. विणीचा मुख्य काळ मार्च ते जून, म्हणजे ऐन उन्हाळा. घरटे म्हणजे चार काड्यांचा विरळ चौथरा. खालून पाहिले तर फटींतून अंडी दिसावीत इतका विरळ. अंडी दोन, पांढरी. नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात. पिल्लू बाहेर आल्यावर जे घडते ते कबुतरांखेरीज पक्षिसृष्टीत फारच थोड्या ठिकाणी आढळते. आई आणि बाप दोघांच्याही गळ्यातील अन्नकोठीच्या अस्तरातून दह्याच्या कवडीसारखा पौष्टिक स्राव तयार होतो, त्याला कपोतदुग्ध म्हणतात. पहिले काही दिवस पिल्लू त्यावरच वाढते. एरवी फळे खाणारे कित्येक पक्षीसुद्धा पिल्लांना भरवण्यासाठी किडे आणि अळ्या टिपून आणतात, कारण वाढत्या जिवाला फळांतून पुरेसे प्रथिन मिळत नाही. हरियालाला तशी शिकार करावी लागत नाही. बापाच्या अंगीही दूध असणारे हे कुटुंब आहे, आणि ते उभे आहे वड-पिंपळाच्या फळांवर.

चिमूर तालुका ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. कोलारा प्रवेशद्वार याच तालुक्यात येते. प्रकल्पाच्या सीमेआतील झाडांना वनविभागाचे संरक्षण आहे. प्रश्न सीमेबाहेरच्या झाडांचा आहे, आणि हरियालाची पुष्कळशी कोठारे तेथेच आहेत : रस्त्याच्या कडेला, तलावाच्या पाळीवर, मंदिराच्या पारावर, भात गिरणीच्या आणि गोदामाच्या आवारात. रस्ता रुंद करताना सर्वांत आधी कडेचा जुना वड जातो. त्याच्या बदल्यात लावलेली रोपे बहुधा शोभेची असतात, आणि शोभेच्या झाडावर हरियाल बसू शकतो, जेवू शकत नाही.

गिरणीच्या आवारातील उंबराविषयी मालकाची तक्रार खोटी नसते. फळे पडून चिखल होतो, माश्या घोंगावतात, पाने पन्हळीत अडकतात, पिंपळाचे मूळ भिंतीत शिरले की भिंत फुटते. पोत्यांवर पक्ष्यांची घाण पडते ती वेगळीच. धान्याच्या व्यापारात स्वच्छता म्हणजे पैसा. म्हणून कुऱ्हाड घालणारा मनुष्य निर्दय असतो असे मानणे अन्यायाचे होईल. त्याला बहुधा एवढेच ठाऊक नसते की ज्या झाडाचे फळ त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी तोंडात घातले नाही, म्हणून जे त्याला निरुपयोगी वाटते, तेच एखाद्या थव्याचे वैशाख महिन्यातील सगळे अन्न आहे.

पक्ष्यांना दाणे घालण्याची जैन कुटुंबांची रीत जुनी आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय सर्वपरिचित आहे. शहरांतील कबुतरखान्यांवरून जो वाद चालला आहे त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. ज्वारीची मूठ पारव्यापर्यंत पोहोचते, चिमणीपर्यंत पोहोचते, हरियालापर्यंत कधीच पोहोचत नाही, एवढेच नोंदवायचे आहे. त्याच्यासाठी जीवदयेचे रूप निराळे आहे. त्याला दाणा नको, झाड हवे, आणि तेही त्याच पाच जातींतले.

हे काम महागाचे नाही. गोदामाच्या भिंतीतून पिंपळाचे रोपटे डोकावू लागले की ते कोवळे असतानाच मुळासकट काढून कुंडीत जगवता येते. तीच वेळ भिंतीलाही सोयीची असते. वडाची जाड फांदी पावसाच्या आरंभी रोवली तर मूळ धरते. जागा मात्र विचाराने निवडावी लागते, कारण वाढलेला वड आपला विस्तार कोणाला विचारून ठरवत नाही. तलावाची पाळ, श्मशानभूमी, शाळेच्या मैदानाची कड, गोशाळेचे कुरण या जागा उत्तम. उभ्या झाडाची छाटणी करणे भाग असेल तर ती विणीचे महिने टाळून करावी. नागरी क्षेत्रांत झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा अधिनियम लागू आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष स्थान मिळाले. परवानगीवाचून तोडलेले झाड हा आता केवळ शेजाऱ्यांच्या कुरबुरीचा विषय राहिलेला नाही. गावातील जुन्या वडांची आणि उंबरांची नुसती यादी, कोणता कोणत्या महिन्यात फळतो या टिपणासह, एखाद्या तरुण मंडळाने केली तरी पुष्कळ काम होईल. दुकानाच्या वहीत जे टिपण सहज होते ते या झाडांचेही होऊ शकते.

भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास येणारी कुटुंबे याच जिल्ह्यातून प्रवास करतात. वाटेत जुना वड दिसला आणि त्याखाली लाल फळांचा सडा असला तर गाडी थोडी दूर उभी करावी, दार हळू लावावे आणि थांबावे. वेळ सकाळची असावी. आधी उघड्या शेंड्यांकडे पाहावे, कारण पक्षी तेथे ऊन खात बसतात आणि त्या वेळी त्यांचे पिवळे पायही स्पष्ट दिसतात. सोबत मुले असतील तर पक्षी मोजण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे, त्यांची नजर अधिक तीक्ष्ण असते आणि मोजणीच्या नादात ती गप्पही राहतात. सूर्य दोन कासरे वर आला की थवा उतरून पानांत शिरतो. त्यानंतर तेथे हरियाल आहेत हे अधूनमधून येणाऱ्या शिळेवरून आणि खाली टपकणाऱ्या फळांवरूनच कळते.